किडीचे नाव आधी, औषधाचे नाव मग



या अंकाचे पहिले पान कापसाच्या भावाला दिलेले नाही, ज्वारीच्या खरेदीलाही नाही. ते दिले आहे तिळाच्या दाण्याएवढ्या एका भुंगेऱ्याला. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात आंब्याच्या खोडात राहणारा किडा आम्हा कपाशीवाल्यांना कशाला सांगता, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. उत्तर लेखात आहे.

पावसाळा सरत आला असताना आम्ही चार कार्यकर्ते जव्हारहून मोखाड्याकडे बैठकीसाठी गेलो होतो. हे दोन्ही तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांची ही वस्ती. उतारावर नागली आणि वरई, खाचरात भात, कडेने उडीद आणि खुरासणी. पाऊस आपल्या तिप्पट-चौपट पडतो, पण उतारावरून वाहून जातो. दिवाळी झाली की विहिरी तळ दाखवू लागतात आणि बायांच्या डोक्यावर हंडे चढतात. पाऊस मुबलक असूनही शेती कोरडवाहूच, अशी इथली तऱ्हा. या भागात गेल्या काही दशकांत आंबा-काजूच्या ‘वाड्या’ उभ्या राहिल्या. जव्हार तालुक्यात बाएफ संस्थेने या कामात पुढाकार घेतला. उन्हाळ्यात खांद्यावरून पाणी वाहून लोकांनी कलमे जगवली. ज्याच्या घरात नागलीखेरीज दुसरे पीक नव्हते, त्याच्या हातात चार पैसे त्या झाडांनी दिले.

अशाच एका वाडीतल्या आजींनी आम्हाला बोलावून नेले. दहाएक वर्षांचे कलम. खोडावर टाचणीने टोचल्यासारखी भोके आणि त्यांतून बाहेर आलेला लाकडाचा बारीक भुसा, उदबत्तीच्या राखेसारखा काडी धरून उभा. वरची एक फांदी वाळून गेलेली. वाडीच्या ज्या कोपऱ्यात पाणी बरेच दिवस तुंबून राहिले होते, तिथलीच ही तीन-चार झाडे. आजींनी सालीचा तुकडा पिशवीत घालून एका कार्यालयात नेला होता. पिशवी कोणी उघडली नाही. फवारणीच्या औषधाची चिठ्ठी मात्र मिळाली. दोन फवारण्या झाल्या, मजुरी गेली, औषधाचे पैसे गेले आणि फांदी वाळायची ती वाळलीच.

आजी म्हणाल्या, “भाऊ, औषध बाहेर आणि किडा आत. मरायचा कसा?”

आम्ही चाकूने साल काढून खोड थोडे कोरले. आत काळपट भिंतींचे बारीक बोगदे होते आणि त्यांत दोन तपकिरी भुंगेरे. आमच्यातल्या एकाजवळ कृषीची पदवी आहे, तरीही ही जात नेमकी कोणती हे डोळ्यांनी पाहून सांगता आले नाही. ते प्रामाणिकपणे सांगितले. नवी जात सापडली असा आमचा दावा नाही. जुनीच आहे असेही म्हणवत नाही. मुद्दा नेमका तिथेच आहे.

या जातकुळीच्या किड्यांना शास्त्रात अंब्रोशिया भुंगेरे म्हणतात. जगात त्यांच्या तीन हजारांहून अधिक जातींची नोंद आहे आणि त्यांतल्या बहुतेक उष्ण प्रदेशातल्या आहेत. बांबूत आणि घराच्या वाशांत जो घुण लागतो तो लाकूड खातो. हा भुंगेरा लाकूड खात नाही. तो शेती करतो. मादी खोडात बोगदा पाडते आणि बरोबर आणलेले बुरशीचे बी बोगद्याच्या भिंतींवर पेरते. हे बी ठेवायला तिच्या अंगातच बटवा असतो. काही जातींत तो जबड्याजवळ, काहींत पाठीत. बुरशी उगवली की तीच तिचे आणि पिल्लांचे अन्न. नको ती बुरशी माजू नये म्हणून ती बोगदा साफ ठेवते, भुसा आणि घाण बाहेर ढकलते. म्हणजे पेरणी, निंदणी, कापणी सगळे आले. माणसाने पहिला नांगर धरण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून हा उद्योग चालू आहे. युरोपात १८३६ साली श्मिडबर्गर नावाच्या अभ्यासकाला बोगद्याच्या भिंतींवरचा हा पांढरा थर दिसला. तो काय आहे हे त्याला उमगले नाही, म्हणून त्याने त्याला देवांचे अन्न म्हटले. अंब्रोशिया म्हणजे आपले अमृतच. ती बुरशी आहे हे कळले १८४४ साली.

यातल्या बहुतेक जाती मेलेल्या किंवा मरू घातलेल्या लाकडात राहतात. पडलेल्या झाडाची माती करण्याचे काम त्या करतात, म्हणून त्या रानाच्या उपयोगाच्या आहेत. थोड्याच जाती जिवंत झाडावर चढतात. पण त्यांचे बी, म्हणजे ती बुरशी, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या शिरांत शिरली की फांद्या वाळतात आणि कधी अख्खे झाड जाते. मुळांशी पाणी तुंबलेले, ताणाखाली आलेले झाड आपल्या अंगातून मद्यार्क सोडते. त्या वासावर या कुळातल्या बऱ्याच जाती येतात. आजींच्या वाडीतला तुंबलेला कोपरा आठवा. आणखी एक गोष्ट. यांच्यातल्या एका मोठ्या गटात नर उडत नाहीत आणि माद्यांचे मीलन बोगद्यातच भावांशी होते. एकटी मादी नव्या झाडात गेली तरी वसाहत उभी राहते. मीलन न झालेली असली तरी ती नर अंडी घालते आणि पुढे त्यातल्याच एका नरापासून वंश वाढवते. एका ओंडक्यातून, एका रोपाच्या खोडातून एक मादी देशांतराला गेली की पुरे.

आता नावाचा प्रश्न.

१८६८ साली आइखहोफ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने सिलोनमधून आलेल्या एका भुंगेऱ्याचे वर्णन केले. त्याचे आजचे शास्त्रीय नाव युवॉलेशिया फोर्निकेटस. पुढे श्रीलंकेच्या आणि दक्षिण भारताच्या चहाच्या मळ्यांत फांद्या पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला हेच नाव चिकटले आणि शंभर-दीडशे वर्षे चहावाले त्याला याच नावाने ओळखत राहिले. २००३ साली तसाच किडा अमेरिकेत कॅलिफोर्नियात दिसला, २००९ साली इस्रायलच्या अवोकॅडोच्या बागांत. सगळे म्हणाले, हा चहाचाच किडा. पण चहाच्या मळ्यातला किडा फांद्या कमकुवत करी, हा नवा तर शेकडो प्रकारच्या झाडांवर चढत होता आणि मोठमोठी झाडे वाळवत होता. त्याने आणलेली बुरशीही वेगळी निघाली. तिचे वर्णन २०१३ साली नवी जात म्हणून झाले. किड्यांच्या जनुकांची तपासणी केल्यावर कळले की डोळ्यांना एकसारखे दिसणारे हे किडे एका जातीचे नाहीतच. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्या चार जाती केल्या. त्यांतली एक, कुरोशिओ, अगदी नव्याने वर्णिलेली.

गंमत पुढेच आहे. नवीन जातीचे वर्णन ज्या एका किड्यावरून होते तो किडा जपून ठेवावा लागतो. गावच्या मोजणीत हद्दीचा मूळ दगड असतो, तसा तो. वाद झाला की टेप तिथूनच लावायचा. आइखहोफने वर्णिलेला तो मूळ किडा हरवला असे समजले जात होते. तो सापडला. पुन्हा मोजला. तेव्हा २०१९ साली लक्षात आले की बागा वाळवणारा नवा किडाच खरा फोर्निकेटस आहे आणि दीडशे वर्षे हे नाव लावून बसलेला चहाचा किडा त्या नावाचा धनी नाही. त्याचे योग्य नाव ठरले युवॉलेशिया परब्रेव्हिस. दगड सापडल्यावर एका बांधावरची दोन शेते उलटसुलट निघावीत तसा प्रकार झाला.

ही शास्त्रज्ञांची घरची भांडणे आहेत, आपल्याला त्याचे काय, असे समजू नका. किडीचे नाव म्हणजे तिचा पत्ता असतो. नाव बरोबर असेल तर ती मूळची कुठली, कोणत्या झाडांवर जाते, कोणती बुरशी आणते, तिला खाणारा शत्रू कुठे सापडेल, हे सगळे त्या नावाखाली लिहिलेले मिळते. नाव चुकले की दुसऱ्याच्या घराचे दार ठोठावत बसायचे. कॅलिफोर्नियावाल्यांनी नाव सुधारले तेव्हाच या किड्याचे मूळ घर शोधायला व्हिएतनाम आणि तैवानकडे जावे हे त्यांना कळले. तोवर किडा थांबला नव्हता. २०१७ साली तो दक्षिण आफ्रिकेत ओळखला गेला, २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात.

आणि आपल्याकडे? सोलापूर जिल्ह्यातला सांगोला, सांगलीतला आटपाडी, हे दुष्काळी पट्टे डाळिंबावर उभे राहिले. तिथे २०२१ च्या सुमारास, अतिपावसानंतर, खोडाला बारीक छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्याने आणि मर रोगाने बागा बसवल्या. शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने झाडे उपटली. सगळेच भुंगेरे ‘खोडकिडा’ आणि सगळीच वाळणारी झाडे ‘मर’ या दोन शब्दांत गुंडाळली गेली. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरातच आहे, म्हणून निदान तिथे किड्याची ओळख पटवणारे कोणी होते. मोखाड्याच्या आजींना तेवढेही मिळाले नाही.

कपाशीवाल्यांनी आता आपल्या शेताकडे वळावे. २००६ पासूनची दोन-तीन वर्षे आठवा. कपाशीवर पांढरा पिठ्या ढेकूण आला. सुरुवातीला त्याला निरनिराळी नावे दिली गेली. पाकिस्तानात तर तो नवी जात म्हणून वर्णिलाही गेला. शेवटी तो फेनाकॉकस सोलेनॉप्सिस ठरला, म्हणजे १८९८ सालीच अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधून वर्णिलेला जुना पाहुणा. नाव ठरेपर्यंत आपण काय केले? जे विष दुकानात होते ते मारले. आणि त्याच वेळी त्याच शेतात एक इवलीशी परोपजीवी माशी पिठ्या ढेकणाच्या पोटात अंडी घालून त्याला फुकटात मारत होती. तिचे वर्णन २००९ साली अलीगढच्या डॉ. मोहम्मद हयात यांनी केले आणि कीड व्यवस्थापनाचे शास्त्रज्ञ डॉ. बांबावाले यांच्या नावावरून तिला एनासियस बांबावालेई म्हटले. पुढे अभ्यासकांनी दाखवले की ही माशीही अमेरिकेतल्या अॅरिझोनातून फार पूर्वीच वर्णिली गेलेली आहे. न्यू मेक्सिको आणि अॅरिझोना शेजारी शेजारी आहेत. किडा आणि त्याचा वैरी एकाच मुलखातले. आपण मात्र फवारे मारून किड्याबरोबर त्याच्या वैऱ्यालाही मारत होतो, कारण दोघांचीही नावे आपल्याला कोणी सांगितली नव्हती.

ज्वारीवाल्यांची गोष्ट वेगळी नाही. ज्वारीचे शेत एका रात्रीत फस्त करणारी लष्करी अळी आपल्या आजोबांनाही ठाऊक होती. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याला मक्यावर आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जी आली, ती अमेरिकेतून आलेली निराळी अळी. नाव मात्र तेच लागले, लष्करी. दोघींची राहणी वेगळी. जुनी थव्याने शेतावरून शेतावर जाते, नवी पोंग्यात घुसून बसते. जुन्या अळीचा उपाय नव्या अळीवर केला की औषध पानावर आणि अळी पोंग्यात. आजींचे वाक्य इथेही लागू आहे.

चुकीच्या फवारणीची किंमत फक्त पैशांत मोजू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या घरात ते झाले तिथे किडीचे शास्त्रीय नाव हा चैनीचा विषय राहत नाही.

किडीला नाव देणे हे काम काय असते, तेही समजून घ्या, म्हणजे आपला वाटा कुठे आहे हे कळेल. कोणीतरी किडा धरतो. तो कडक मद्यार्कात ठेवतो. बाटलीत चिठ्ठी टाकतो: गाव, तारीख, झाड, धरणाऱ्याचे नाव. मग अभ्यासक तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, अंगावरचे केस, खाचा, पंखांच्या टोकाचा उतार मोजतो, ओळखीच्या सर्व जातींशी ताडून पाहतो, जनुके तपासतो. कशाशीच जुळले नाही तर वर्णन लिहून छापतो आणि मूळ नमुना संग्रहालयात जमा करतो. यातली पहिली तीन कामे शेतातली आहेत. चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे सातबारा नसलेली जमीन. कितीही चांगला असला तरी कुठल्या दप्तरी चढत नाही.

हे काम आपल्या देशात नवे नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत बीसन नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कितीतरी जाती वर्णिल्या आणि १९४१ साली भारतातल्या वनकीटकांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे कारण उघड होते. सरकारला सागवान हवे होते, इमारती लाकडाला भोक पडले की सरकारचे नुकसान होई. म्हणून सरकारी लाकडातल्या किड्याला नाव मिळाले. आदिवासीच्या आंब्यातल्या किड्याची नोंद घेण्याची गरज तेव्हाही कोणाला वाटली नाही.

आज कायदा तरी आपल्या बाजूने आहे. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे कोणालाही नवीन जात सापडली तर ती ठरवून दिलेल्या संग्रहालयाला कळवायची आणि तिचा नमुना तिथे ठेवायचा आहे. ‘कोणालाही’ या शब्दात शेतकरी येतो. त्याच कायद्याने गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकांच्या नोंदवह्या आल्या. जव्हार-मोखाडा हा तर अनुसूचित क्षेत्राचा भाग, तिथे ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने जास्तीचे अधिकार आहेत. नोंदवहीत औषधी वनस्पतींची यादी उतरवून काम संपले असे मानू नका. गावात कोणत्या झाडाला कोणता किडा कोणत्या महिन्यात लागला, हेही तिथे लिहा.

कारण नोंद नसेल तर मदतही नाही. फळपिकांचा विमा हवामानाच्या आकड्यांवर चालतो. खोडातल्या किड्याची त्याला खबर नसते. आपत्तीच्या मदतीच्या निकषांत किडीचा हल्ला येतो, पण पंचनामा करणाऱ्याला किडीचे नाव लिहावे लागते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीचे पंचनामे झाले, कारण ती अळी तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना नावाने ठाऊक होती. बिननावाच्या भुंगेऱ्याने वाळवलेल्या आंब्याचा पंचनामा ‘झाड वाळले’ एवढ्यावर आटोपतो.

म्हणून जिल्हा मेळाव्यात आम्ही पुढील मागण्या ठेवणार आहोत.

एक. तालुका कृषी कार्यालयाने आणि कृषी विज्ञान केंद्राने शेतकऱ्याने आणलेला किडा घेतलाच पाहिजे आणि त्याची तारीखवार पावती दिली पाहिजे. पालघरला कोसबाडचे केंद्र आहे, आपापल्या जिल्ह्यात आपापले आहे.

दोन. ओळख पटवून तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ओळख पटत नसेल तर तसेही लेखी द्यावे आणि नमुना पुढे कुठे पाठवला ते सांगावे. ‘ओळखता आला नाही’ हे उत्तर आम्हाला चालेल. न पाहता दिलेली चिठ्ठी चालणार नाही.

तीन. किडीचे नाव लिहिल्याशिवाय औषधाची शिफारस लिहू नये.

चार. बाहेरून येणारी रोपे आणि कलमे, मग ती कोणत्याही योजनेतली असोत, खोड तपासूनच वाटावीत.

सरकार हे करील तेव्हा करील. आपल्या हातचे आजच करा. झाडाच्या बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नका. पोखरलेल्या फांद्या आणि छाटणीचे लाकूड बांधावर रचून न ठेवता जाळून टाका, दुसऱ्या गावी नेऊ नका. खोडात घुसलेल्या किड्यावर वरून फवारा पोचत नाही, आणि तो लाकूड खात नसल्यामुळे झाडाला पाजलेले विषही त्याच्या पोटात नीट जात नाही. जे करायचे ते किडा आत जाण्याआधी. सांगोल्याकडे निरोगी खोडाला गेरूचा लेप देतात तो याचसाठी. प्लॅस्टिकच्या बाटलीला खिडकी पाडून आत स्पिरिटची कुपी टांगा, तळाशी साबणाचे पाणी ठेवा. यातल्या बऱ्याच जाती त्या वासाला येऊन पडतात. त्याने बाग वाचत नाही, पण किडा आला की नाही हे कळते आणि पाठवायला नमुना मिळतो.

मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने आपल्या शिवारातला ओळख न पटलेला एक किडा आणावा. कपाशीवरचा, ज्वारीवरचा, लिंबावरचा, कोणताही. औषधाच्या दुकानातली रिकामी काचेची कुपी, कडक स्पिरिट आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी एवढे पुरे. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून पेन्सिलच वापरा. कीटकनाशकाची रिकामी बाटली मात्र वापरू नका.

मोखाड्याच्या आजींचे दोन भुंगेरे आम्ही अशाच कुपीतून ओळख पटवण्यासाठी पाठवले आहेत. चिठ्ठीवर गावाचे नाव आहे, झाड आंबा असे लिहिले आहे आणि धरणाऱ्याच्या जागी आजींचेच नाव घातले आहे. उत्तर आले की याच पानावर छापू. नाही आले तर कुठे पाठवले होते आणि किती दिवस झाले, तेही छापू.